बाळाच्या जांघेत गाठ दिसली तर : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जांघेतली गाठ बहुतेक घरांत डॉक्टरांच्या आधी न्हाऊ घालणाऱ्या बाईला दिसते. पाय लांब करून बसलेली आजी, तिच्या पायांवर बाळ, ऊन पाण्याचा तांब्या अंगावर पडताच बाळानं फोडलेला टाहो, आणि त्या टाहोबरोबर जांघेत आवळ्याएवढं काहीतरी वर आलेलं. अंग पुसून बाळोत्यात गुंडाळलं, बाळ निजलं की तिथं काहीच नाही. आजी सुनेला सांगते, सून नवऱ्याला सांगते, आणि तिघं मिळून ठरवतात की उद्या बघू.

मी बरीच वर्षं बेळगावात लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका होते. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणीकडून आलेल्या आया-आज्यांनी मला जे विचारलं, तेच इथं मांडलं आहे. वाचून घरच्या घरी निदान करू नका. गाठ कुठली असू शकते, कुठली थांबू शकते आणि कुठली थांबू शकत नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ.

"रडलं की गाठ येत्या, निजलं की जात्या. मग ती बरी झाली असंच समजायचं का?"

नाही. या पानावरचं बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. रडताना, खोकताना, शी करताना जोर लावल्यावर येणारी आणि शांत झाल्यावर जाणारी गाठ म्हणजे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत हर्निया, आपल्याकडच्या जुन्या शब्दांत अंतर्गळ. गाठ दिसेनाशी होते, पण ती ज्या वाटेनं येते ती वाट उघडीच राहते.

ही वाट जन्माच्या आधीची असते. आईच्या पोटात असताना मुलाचं वृषण मूत्रपिंडाजवळ तयार होतं आणि सातव्या महिन्याच्या सुमारास जांघेतून खाली अंडकोशात उतरतं. उतरताना पोटाच्या आतल्या अस्तराची एक बोटासारखी पिशवी त्याच्याबरोबर खाली येते. ही पिशवी पुढं आपोआप मिटायची असते. काही बाळांत ती मिटत नाही. मग पोटात दाब वाढला की आतड्याचा एखादा वेढा त्या उघड्या पिशवीत उतरतो आणि जांघेत फुगवटा दिसतो. बाळ निजलं, पोट सैल पडलं की आतडं परत वर जातं.

पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या 100 बाळांत साधारण 1 ते 5 जणांना हा हर्निया होतो. कमी दिवसांच्या बाळांत त्याहून खूप जास्त. मुलींपेक्षा मुलांत कितीतरी पटींनी अधिक, आणि उजव्या बाजूला जास्त, कारण उजवं वृषण डाव्यापेक्षा उशिरा उतरतं. जांघेतला हर्निया वय वाढलं म्हणून मिटत नाही. त्याला ऑपरेशनच लागतं.

दवाखान्यात नेलं की गाठ दिसतच नाही. डॉक्टर म्हणतात काही नाही. काय करायचं?

फोटो काढा. गाठ दिसत असताना, उजेडात, जांघेच्या दोन्ही बाजू एका चौकटीत येतील असा. मोबाईलमध्ये तारीख-वेळ आपोआप राहते, ती डॉक्टरांना कामाची असते. चेहरा त्यात घेऊ नका, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, आणि दाखवून झालं की पुसून टाका. लेकराच्या अंगाचा फोटो आहे तो.

माझ्या भाच्याच्या बाबतीत आम्हाला हे सुचलं नव्हतं. 3 महिन्यांचा होता. बहीण जांबोटीच्या बाजूला, भर पावसाळा. तिनं जवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं तेव्हा बाळ झोपलेलं, जांघ सपाट. गॅस असेल म्हणून औषध दिलं आणि परत पाठवलं. दोन आठवड्यांनी रात्री गाठ आली ती गेलीच नाही. पहाटे बेळगावात पोचेपर्यंत बाळाला हिरवी उलटी झाली होती. पोरगं वाचलं, आज शाळेत जातं. पण त्या दोन आठवड्यांत एक फोटो असता तर दिवसाउजेडी, ठरवून ऑपरेशन झालं असतं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

मूल जरा मोठं असेल तर डॉक्टरांसमोर त्याला उड्या मारायला लावा, फुगा फुगवायला द्या, पोट धरून हसवा. तान्हं असेल तर त्याला रडू द्या, लगेच पाजून गप्प करू नका. आणि गाठ दिसली नाही तरी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "मी स्वतः बघितली आहे, या जागी, एवढी." आईनं नीट सांगितलेली हकीकत अनुभवी सर्जन कधी हलक्यात घेत नाहीत.

कोणती लक्षणं दिसली तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही?

नेहमी जाणारी गाठ आज जात नाही. हाताला कडक लागते. हात लावला की बाळ किंचाळतं. किती वेळ कडेवर घेतलं तरी रडं थांबत नाही. उलट्या होतात, त्यातही हिरव्या. पोट फुगलं आहे, शी झालेली नाही. गाठीवरची कातडी लाल किंवा काळपट पडली आहे. यातलं काहीही दिसलं तर आतडं त्या वाटेत अडकलं असण्याची शक्यता आहे. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटत जातो आणि मुलामध्ये वृषणाच्या रक्तवाहिन्याही त्याच दाबाखाली येतात. हा धोका पहिल्या वर्षात सर्वांत जास्त. म्हणून "अजून लहान आहे, मोठा झाल्यावर बघू" हे वाक्य या गाठीच्या बाबतीत उलटं आहे. जेवढं लहान, तेवढी घाई.

गाठ स्वतः दाबून आत घालायचा प्रयत्न करू नका. तेल लावून चोळू नका. दूध, पाणी, घुटी काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. शेवटचं दूध किती वाजता पाजलं आणि पहिली उलटी किती वाजता झाली, एवढं लक्षात ठेवा आणि निघा.

दवाखान्यात पुष्कळदा डॉक्टर बाळाला गुंगीचं औषध देऊन, हलक्या हातानं गाठ आत ढकलतात. तसं जमलं तर सूज उतरायला साधारण 24 ते 48 तास देऊन मग ऑपरेशन होतं. गाठ आत गेली म्हणून त्या दोन दिवसांत घरी निघून येऊ नका. नाही गेली तर लगेच ऑपरेशन.

रात्री अशी वेळ आली तर न्यायचं कुठं?

जिथं लहान मुलांचा सर्जन आणि लहान बाळाला भूल देणारा डॉक्टर दोघंही आहेत तिथं. बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स, आणि नेहरूनगरमधलं केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय ही मोठी ठिकाणं. निपाणी, संकेश्वरच्या बाजूच्या माणसांना कोल्हापूरही पडतं. निपाणीहून तर कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळच. हद्द कुठल्या राज्याची हे त्या घडीला बघू नका, रस्ता कुठला लवकर पोचवतो ते बघा. निघताना फोन करून सर्जन आहेत का विचारून घ्या. गाडी नसेल तर 108.

खानापूरच्या जंगलपट्टीत, कणकुंबी-जांबोटीकडं, पावसाळ्यात फोनला रेंज नसते आणि झाड पडून रस्ता बंद होतो. ज्यांच्या बाळाला हर्निया आहे हे आधीच कळलेलं आहे, त्यांनी ऑपरेशनची तारीख पावसाळ्यापलीकडं ढकलू नये. तारीख मिळेपर्यंत शहरात नातेवाईक असतील तर तिथं राहिलेलं बरं.

सकाळी लहान असते, संध्याकाळी मोठी होते. दुखत नाही. हा पण हर्नियाच का?

हे बहुतेक हायड्रोसिल असतं. वाट तीच, पण इतकी अरुंद की आतडं उतरत नाही, फक्त पोटातलं पाणी झिरपतं. दिवसभर बाळ उभं, बसतं, रांगतं, तसं पाणी खाली साठतं. रात्री आडवं झालं की परत वर जातं. म्हणून सकाळ-संध्याकाळचा फरक. हात लावला तर मऊ, फुग्यात पाणी भरल्यासारखं लागतं आणि बाळ रडत नाही. कधी हे पाणी अंडकोशाच्या वर, जांघेतल्या नळीत एका जागी अडकून द्राक्षासारखी गोळी होते.

जन्मतः असलेलं हायड्रोसिल बहुतेक बाळांत 1 ते 2 वर्षांत आपोआप जातं. 2 वर्षांनंतरही राहिलं, वाढत गेलं किंवा लहानमोठं होत राहिलं तर ऑपरेशन करतात. सुईनं पाणी काढणं हा लहान मुलांवरचा उपाय नाही, वाट उघडी असल्यानं ते परत भरतं.

एक सावधगिरी. मोबाईलचा टॉर्च मागून लावला आणि गाठ लाल उजळली म्हणजे पाणीच, असं कोणी सांगेल. डॉक्टरही ही तपासणी करतात. पण तान्ह्या बाळाचं आतडं पातळ आणि हवेनं भरलेलं असतं, तेही तसंच उजळतं. घरी टॉर्च लावून निर्धास्त होऊ नका.

पायाला जखम झाली होती, आता जांघेत अवधाण आलंय. त्याचं काय?

आपल्या भागात हे कारण फार सापडतं. उसाच्या फडाजवळ अनवाणी खेळणारी पोरं, पाचटानं चिरलेले पाय, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात कुजलेली कातडी, डास चावून खाजवून केलेले फोड, खरूज, लंगोटाखालचा लालसर चट्टा. पाय, कुल्ले आणि लघवीची जागा या सगळ्या भागाची राखण जांघेतल्या लसिका ग्रंथी करतात. तिथं जंतू शिरले की या ग्रंथी फुगतात. त्यालाच आपण अवधाण म्हणतो.

हे हर्नियापेक्षा वेगळं कसं ओळखायचं? हर्निया साधारण जांघेच्या घडीच्या वर, आतल्या बाजूला येतो आणि पुढं अंडकोशाकडं सरकतो. अवधाण घडीत किंवा घडीच्या खाली, मांडीकडं असतं. रडण्या-खोकण्यानं ते लहानमोठं होत नाही. बोटाखाली वाटाण्यासारखं, हरभऱ्यासारखं सरकतं. धडधाकट मुलाच्या जांघेतही 1 ते दीड सेंटिमीटरपर्यंतच्या अशा गोळ्या हाताला लागतात, त्या नॉर्मल आहेत.

आधी पाय बघा. बोटांच्या मधे, टाचेच्या भेगा, नखांच्या कडा, मग मांडीमागची बाजू, कुल्ले. जखम सापडली तर साबणपाण्यानं स्वच्छ धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, जखम बरी झाली की ग्रंथी दोन-चार आठवड्यांत उतरत जाते. खरूज असेल तर एकट्या मुलाला मलम लावून भागत नाही. एकाच घोंगडीत निजणाऱ्या सगळ्या घराला एकाच वेळी उपचार लागतात, कपडे-अंथरूण उन्हात घालावं लागतं.

गाठ लाल, गरम, दुखरी झाली, ताप आला, मूल लंगडायला लागलं, तर आत पू झाला असू शकतो. ते गळू घरी सुईनं फोडू नका. आणि ग्रंथी 2 सेंटिमीटरपेक्षा मोठी, टणक, जागची न हलणारी असेल, चार-सहा आठवड्यांत कमी होण्याऐवजी वाढत असेल, सोबत वजन घटत असेल किंवा रोज संध्याकाळी बारीक ताप येत असेल, तर क्षयरोगासह इतर तपासण्या व्हायला हव्यात. घरात कुणाला क्षयरोगाचे औषध चालू असेल तर ते लाज न बाळगता सांगा.

लस दिली त्या मांडीत गाठ राहिली आहे.

दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लशींनंतर मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला, सुई टोचली तिथंच, कडक गोळी काही आठवडे राहू शकते. ती जांघेत नसते, मांडीत असते. लाल होऊन वाढत नसेल तर आपोआप जाते. चोळू नका.

अंडकोशाची एका बाजूची पिशवी रिकामी लागते आणि वर जांघेत गोळी जाणवते.

मग ती गोळी वृषणच असू शकते, वाटेत थांबलेलं. पूर्ण दिवसांच्या 100 मुलांपैकी सुमारे 3 जणांत जन्मताना असं असतं, कमी दिवसांच्या मुलांत खूपच जास्त. त्यातली बरीच पहिल्या काही महिन्यांत स्वतःहून उतरतात. 6 महिन्यांचं होऊनही उतरलं नसेल तर ते पुढं उतरण्याची आशा फार कमी, तेव्हा सर्जनला दाखवायचं. वृषण खाली आणून बसवण्याचं ऑपरेशन 6 ते 18 महिन्यांच्या दरम्यान करणं चांगलं. पोटाच्या उबेत वृषण वाढत नाही नीट. पुढं मूल होण्यात अडचण आणि मोठेपणी त्या वृषणाचा कॅन्सर, दोन्हींची शक्यता उशीर केल्यानं वाढते. शाळेत घालताना, मुंजीच्या वेळी, अगदी लग्न ठरल्यावर कळलेल्या गोष्टी मी पाहिल्या आहेत. फार वाईट वाटतं, कारण न्हाणीतल्या एका नजरेचं काम होतं ते.

बघायची वेळही न्हाणीतलीच. ऊन पाण्यानं अंघोळ झाली, हात ऊबदार असले, मूल मांडी घालून बसलं की दोन्ही गोळ्या खाली आहेत का बघा. थंडीत किंवा गार हातानं त्या वर सरकतात, ते नैसर्गिक आहे. उबेत खाली येऊन तिथंच राहत असतील तर बहुधा काळजी नाही, मात्र वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या.

मुलीला कसा हर्निया होईल?

होतो. कमी प्रमाणात, पण होतो. आणि मुलीच्या बाबतीत घरची माणसं बोलायला संकोचतात म्हणून तो दवाखान्यात जास्त उशिरा येतो. मुलींतही तशीच एक अस्तराची पिशवी मिटायची राहते. तिच्यात आतड्याऐवजी पुष्कळदा बीजांडकोश (ओव्हरी) उतरतो. मग योनीच्या ओठाच्या वर, जांघेत बदामाएवढी, सरकणारी, जराशी घट्ट गोळी लागते. ती बऱ्याचदा आत जातच नाही. बाळ हसतंय, दूध पितंय, म्हणून घरी ठेवू नका. अडकलेल्या बीजांडकोशाला पीळ पडू शकतो. दाबून बघू नका, त्याच आठवड्यात सर्जनला दाखवा. गोळी दुखायला लागली, बाळ रडायचं थांबेना, तर त्याच तासाला. मुलीच्या दोन्ही बाजूंना गाठ असेल तर डॉक्टर काही जास्तीच्या तपासण्या सांगतील, त्याला कारण असतं, घाबरून टाळू नका.

मुलगा "पोट दुखतंय" म्हणतो, गाठीचं काही बोलत नाही.

चड्डी काढून बघा. चार-पाच वर्षांच्या पुढची पोरं लाजतात, दुखतंय खाली आणि सांगतात पोट. अचानक जोरात दुखणं, मळमळ, एक वृषण वर ओढलेलं, सुजलेलं, हात लावू न देणारं, हे वृषणाला पीळ पडल्याचं लक्षण असू शकतं. ते वाचवायला हाताशी साधारण 6 तास असतात. न उतरलेल्या वृषणाला पीळ पडला तर दुखरी गाठ जांघेत आणि खाली पिशवी रिकामी. दोन्हीत घरगुती शेक, काढा, उद्या सकाळ, काही नाही. सरळ मोठ्या दवाखान्यात.

कॅन्सर तर नसेल ना?

लहान मुलाच्या जांघेतल्या गाठीमागं कॅन्सर क्वचितच असतो. वृषण एका बाजूला टणक, जड, न दुखता वाढत चाललेलं असेल किंवा वर सांगितलेली टणक, न हलणारी, वाढती ग्रंथी असेल, तर उशीर न करता तपासून घ्यायचं. बाकीच्यांनी या भीतीनं रात्री जागवू नयेत.

बेंबी फुगते तोही हर्नियाच म्हणे. तिला थांबा म्हणाले, मग जांघेला घाई का?

बेंबीचं भोक स्नायूंच्या मधलं आहे, मूल वाढतं तसं ते बहुतेकदा चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत मिटतं आणि त्यात आतडं क्वचितच अडकतं. जांघेतली वाट तशी मिटत नाही आणि तिच्यात आतडं अडकतं. नाव एक, वागणूक वेगळी. शेजारणीच्या नातवाची बेंबी आपोआप बसली म्हणून आपल्या बाळाची जांघ बसेल, असं होत नाही.

नाणं बांधलं, पट्टा लावला, बिब्बा घातला, डाग दिला तर?

काही करू नका. ज्यांनी केलं त्यांच्यावर मी रागावत नाही, कारण त्यांनी जीव तुटून केलेलं असतं. पण बिब्ब्यानं भाजलेली आणि तापलेल्या सळईचा डाग दिलेली तान्ही बाळं मी मांडीवर घेतली आहेत. हर्निया होता तसाच, वर भाजल्याची जखम, आणि त्या जखमेत पू झाल्यामुळं ऑपरेशन पुढं गेलेलं. पट्टा किंवा नाणं घट्ट बांधलं तर आत उतरलेलं आतडं त्याखालीच चेपतं. कमरेचा काळा दोरा सैल असेल तर असू दे, त्यानं भलंही नाही, बुरंही नाही.

आम्ही बाळाला फार रडू दिलं म्हणून झालं का? बाळंतपणात मी जड उचललं होतं.

नाही, बाई. वाट जन्माच्या आधीची आहे. रडण्यानं ती तयार होत नाही, रडण्यानं ती फक्त दिसते. सुनेला हा दोष देणाऱ्या सासूबाईंनाही हेच वाचून दाखवा.

सोनोग्राफी करायची का?

बहुतेकदा लागत नाही. सर्जनच्या हाताला आणि तुमच्या फोटोला जास्त किंमत आहे. ग्रंथी की हर्निया, पाणी की आतडं, अशी शंका राहिली तर करतात. झोपलेल्या बाळाची सोनोग्राफी "नॉर्मल" आली म्हणजे हर्निया नाही, असं होत नाही.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात? जाळी बसवतात का?

लहान मुलांना जाळी बसवत नाहीत. ती मोठ्या माणसांच्या कमकुवत स्नायूंसाठी. मुलांत जांघेच्या घडीत छोटी चीर देऊन ती उघडी पिशवी शोधतात, तिच्यातून आतडं वर सारतात आणि पिशवीचं तोंड बांधून टाकतात. काही ठिकाणी दुर्बिणीतून करतात. पूर्ण भूल लागते. सरळ हर्नियाचं काम फार लांबत नाही आणि बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी जातात. कमी दिवसांच्या, अगदी लहान बाळांना मात्र भुलीनंतर श्वास थांबण्याचा धोका असतो, म्हणून रात्रभर ठेवतात आणि त्यांची ऑपरेशनची वेळही डॉक्टर विचार करून ठरवतात.

पुढं मूल होईल ना, हा प्रश्न आजोबा दाराशी थांबून हळूच विचारतात. ऑपरेशनमध्ये वृषणाच्या नळीला, रक्तवाहिन्यांना इजा होण्याची शक्यता असते, पण लहान मुलांच्या सर्जनच्या हातात ती फार कमी. अडकलेल्या हर्नियानं वृषण सुकण्याचा धोका त्याहून मोठा.

उपाशी ठेवायला सांगितलंय. लेकरू कसं राहील?

साधारण नियम असा: जेवण, बिस्किट, गाईचं किंवा पावडरचं दूध 6 तास आधी बंद, अंगावरचं दूध 4 तास, साधं पाणी 2 तास. तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तो आकडा शेवटचा. एका सकाळी तीन वर्षांच्या पोराच्या ओठाच्या कोपऱ्यात मला बिस्किटाचा चुरा दिसला. आजीनं कळवळून पदराआडून दिलं होतं. ऑपरेशन त्या दिवशी रद्द झालं. आजी रडायला लागली, मी तिचा हात धरून सांगितलं की आधी कळलं हे बरं झालं. भूल असताना पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. चुकून काही दिलं असेल तर लपवू नका. सर्दी-खोकला-ताप असेल तेही सांगा.

पैशाचं काय?

बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेखाली कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी खासगी दवाखान्यात जायचं तर बहुतेक वेळा आधी सरकारी दवाखान्याचं शिफारसपत्र लागतं, तातडीच्या वेळी ती अट आड येत नाही. महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटक सरकारनं त्याला आक्षेप घेतला. म्हणून कुठल्याही योजनेवर भिस्त ठेवण्याआधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला) कागद दाखवून "आमचं यात बसतं का" हे विचारा. रेशन कार्ड, आधार, बाळाचा जन्मदाखला, नाव सगळीकडं एकसारखं आहे ना, एवढं आधीच बघून ठेवा. कन्नडमधलं आणि मराठीतलं आडनाव वेगळं लिहिलं गेल्यानं खिडकीवर अडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासायला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. गाठीचं अंगणवाडीताईला आधीच सांगून ठेवा, पुढचा दवाखाना त्या मार्गानं मोफत मिळू शकतो.

ड्युटीवरचे डॉक्टर कन्नडच बोलतात. मला सांगता येत नाही.

बेळगावात मराठी समजणारं कुणीतरी वॉर्डात असतंच, हाक मारायला संकोचू नका. तोवर एवढं पुरे : "मगु अत्तरे तोडेसंदिनल्लि गड्डे बरुत्ते, मलगिदरे होगुत्ते." म्हणजे बाळ रडलं की जांघेत गाठ येते, निजलं की जाते. दुखण्याला "नोवु". वांती तर दोन्हीकडं वांतीच. आणि फोटोला भाषा लागत नाही.

घरी आणल्यावर काय सांभाळायचं? परत येईल का?

दुखण्यासाठी वजनाप्रमाणं लिहून दिलेलं पॅरासिटामॉल. टाके बहुधा आतल्या आत विरघळणारे असतात. जखमेवर तेल, हळद, राख काही नाही, आणि सर्जन सांगेपर्यंत मालिश बंद. अंडकोश काही दिवस सुजलेला, निळसर दिसू शकतो, त्यानं घाबरू नका. ताप, वाढती लाली, पू, थांबत नसलेल्या उलट्या असतील तर परत दाखवा. खाणंपिणं नेहमीचं. तान्ही बाळं दुसऱ्या दिवशी हातपाय झाडायला लागतात, मोठ्या पोरांना मात्र सायकल आणि झाडावर चढणं दोन-तीन आठवडे आवरावं लागतं.

त्याच बाजूला परत होणं क्वचित, साधारण 100 मुलांत एखाद्याला. दुसऱ्या बाजूला मात्र पुढं काही महिन्यांनी-वर्षांनी येऊ शकतो, विशेषतः पहिला डावीकडं असेल तर. आजीला तेवढं सांगून ठेवा. न्हाऊ घालताना बाळ रडलं की तिनं दोन्ही जांघा बघाव्यात, आणि काही वर आलेलं दिसलं तर आधी मोबाईल मागून घ्यावा.